पाहिलेली दिल्ली

दूरच्या वस्तूचे मनुष्याला जितके आकर्षण वाटते तितके जवळच्या वस्तूचे वाटत नाही. पंढरपुरात जन्म काढलेला एखादा गृहस्थ महिनोन्‌महिने विठ्ठलाच्या देवळाची पायरी चढत नाही. आणि समुद्राकाठी राहणाऱ्याला आज भरती केव्हा आहे, असे विचारले तर तो शेजाऱ्याकडे पाहू लागतो. ‘दिव्याखाली अंधार’ ही म्हण आपल्या पूर्वजांनी उगाच केलेली नाही.

दिल्लीच्या करोलबाग भागातील एका अरुंद गल्लीत गलाईच्या दुकानात काम करणाऱ्या एका तरुणाचे नेमके असेच झाले होते. जुने दागिने वितळवायचे, त्यांतील हीण काढून टाकायचे आणि सोने शुद्ध करायचे, या कामाला गलाई म्हणतात. सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी, तासगाव या कमी पावसाच्या मुलखातील कितीतरी कुटुंबे हाच व्यवसाय करीत भारताच्या कानाकोपऱ्यांत जाऊन राहिली आहेत. हा तरुणही खानापूर तालुक्यातील एका खेड्यातून आलेला. मुशीतील रसाचा रंग पाहून सोने कितपत शुद्ध झाले आहे, हे तो अचूक सांगत असे. दुकान झाडलेल्या धुळीत सोन्याचा बारीकसा कण असला तरी त्याच्या नजरेतून सुटत नसे. परंतु अशी तीक्ष्ण नजर असलेल्या या माणसाने पाच वर्षे दिल्लीत काढूनही लाल किल्ला पाहिलेला नव्हता.

एके दिवशी गावाकडून त्याच्या बालमित्रांचा निरोप आला. तिघे मित्र हरिद्वारच्या यात्रेला गेले होते. परतताना पहाटे ते दिल्लीला उतरणार होते आणि रात्री परतीची गाडी धरणार होते. मधला सारा दिवस मोकळा होता. “आता तू पक्का दिल्लीकर झालास. आम्हांला दिल्ली दाखव,” असे त्यांनी कळवले होते. तेव्हापासून मित्रांमध्ये त्याचे नावच ‘दिल्लीकर’ पडले.

दिल्लीकराला हा निरोप ऐकून आनंद झाला नाही. “दिल्लीत काय ठेवले आहे पाहण्यासारखे? माणसांची गर्दी आणि गाड्यांचा धूर!” असे तो सोबत्यांपाशी पुटपुटला. शिवाय दुकानातून रजा घ्यायची म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडणार. हे कारण तो सर्वांना सांगत होता, आणि ते खोटेही नव्हते. परंतु दुसरे एक कारण त्याच्या मनात होते आणि ते तो कोणालाच सांगत नव्हता.

येणाऱ्या तिघांपैकी एक प्राथमिक शाळेत शिक्षक होता. त्याला सारे ‘गुरुजी’ म्हणत. दुसरा शेती करी, तो ‘आबा’. तिसरा मात्र एके काळी दिल्लीकराच्याच बाकावर, त्याच्या उजव्या हाताला बसणारा मित्र होता. सातवीच्या वर्षी डोळ्यांच्या विकाराने त्याची दृष्टी अधू होत गेली आणि वर्ष संपण्यापूर्वी ती पूर्णपणे गेली. पुढे त्याने गाणे शिकण्यात मन घातले. आता तो गावात मुलांना भजन आणि पेटी शिकवत असे. लोक त्याला आदराने ‘बुवा’ म्हणत.

बुवाने आपल्या अंधत्वाशी केव्हाच समेट केला होता. दिल्लीकराला मात्र ते साधले नव्हते. पूर्वी दोघांचे सारे बोलणे ‘ते बघ’ आणि ‘पाहिलेस का?’ या शब्दांनीच सुरू होत असे. आता तो शब्द चुकून तोंडून निसटला तर मित्राच्या मनाला काय वाटेल, या धास्तीने तो बोलेनासाच झाला. बुवाचा फोन आला की ‘भट्टी पेटली आहे’ असे सांगून तो बोलणे आवरते घेई. आणि आता त्याच मित्राला दिल्ली दाखवायची! ज्याला दिसत नाही त्याला दाखवायचे म्हणजे काय करायचे? या प्रश्नाने त्याला रात्रभर नीट झोप लागली नाही.

माघातली कडाक्याची थंडी होती. जुन्या दिल्लीच्या स्थानकावर गाडी थांबली. दिल्लीकर गर्दीतून पुढे सरकतो आहे तोच बुवा हसून म्हणाला, “आला रे आला! अजून टाच घासतच चालतोस की!” दिल्लीकर चकित झाला. एवढ्या कोलाहलात, इतक्या वर्षांनी, केवळ पावलांवरून आपल्याला कोणी ओळखील असे त्याला वाटले नव्हते.

त्याने बुवाचा हात धरून त्याला ओढत नेण्यास आरंभ केला, तेव्हा बुवा थांबला. “तू माझा हात धरू नकोस. मला तुझा कोपर धरू दे आणि तू अर्धे पाऊल पुढे चाल. तू वळलास की मला कळते, पायरी चढलास की कळते. असे चाललो म्हणजे मी बैलगाडीत घातलेल्या पोत्यासारखा जात नाही. चालणाऱ्या माणसासारखा जातो.” सारे हसले. गरम कचोरी आणि चहा घेऊन, थोडकेसे सामान आबाने पाठीवर टाकले आणि चौघे लाल किल्ल्याकडे निघाले.

शहाजहान बादशहाने आग्ऱ्याहून राजधानी हलवून दिल्लीस आणण्याचे ठरवले आणि १६३९ साली या किल्ल्याच्या बांधकामास प्रारंभ केला. १६४८ साली किल्ला पुरा झाला. याची तटबंदी सुमारे अडीच किलोमीटर लांबीची आहे. गुरुजींनी ही माहिती वाटेतच सांगून टाकली. मग बुवाने दिल्लीकराला विचारले, “तट कसा आहे?”

“मोठा आहे. लाल आहे,” दिल्लीकर म्हणाला.

“लाल म्हणजे कसला लाल? कुंकवासारखा, मिरचीसारखा, का विटेसारखा? तेरा वर्षांचा होईपर्यंत मी रंग पाहिले आहेत. सांगशील तो रंग मला आठवेल.”

दिल्लीकराने मान वर केली. पहिल्यांदाच त्याने त्या भिंतीकडे नीट पाहिले. खाली दगड गडद होता, जणू ओला असावा. वर जावे तसा तो फिकट होत गेला होता. कंगोऱ्यांवर सकाळचे ऊन पडले होते आणि तेथे तर तो जवळजवळ गुलाबी दिसत होता. “आपल्या गावच्या वीटभट्टीतली विट भाजून निघाली की खालची काळपट आणि वरची फिकी असते ना, तसा,” तो हळूहळू म्हणाला. “आणि अगदी वर, पिकलेल्या पेरूच्या गराचा रंग.”

“आता दिसला,” बुवा म्हणाला.

लाहोरी दरवाजातून आत शिरले की छत्ता चौक नावाचा छपराखालचा बाजार लागतो. दोन्ही बाजूंना दुकानांच्या रांगा आहेत. दिल्लीकर दुकानांकडे पाहत चालला होता. मध्यावर बुवा एकाएकी थांबला. “येथे वर आभाळ उघडे आहे,” तो म्हणाला. दिल्लीकराने वर पाहिले. खरोखरच, लांबच लांब छपराच्या मध्यभागी एक अष्टकोनी चौक आकाशाला मोकळा सोडलेला होता. छपराखाली माणसांचे बोलणे घुमत होते, येथे येताच ते घुमणे थांबले, एवढ्यावरून बुवाने ते जाणले होते. डोळे असलेल्या तिघांपैकी एकाच्याही ते ध्यानात आले नव्हते.

पुढे नौबतखाना आहे. बादशाही काळात येथे दिवसातून पाच वेळा वाद्ये वाजत असत. हे गुरुजींनी सांगताच बुवाला तेथून हलवेना. तो दगडी कमानीखाली उभा राहिला आणि अगदी हलक्या आवाजात त्याने सकाळच्या रागातील दोन-चार स्वर घेतले. कमानीने ते स्वर झेलले आणि परत दिले. जवळून जाणारे एक म्हातारे गृहस्थ क्षणभर थबकले आणि मान डोलावून पुढे गेले.

मग दिवाण-इ-आम आला. बादशहा प्रजेचे गाऱ्हाणे ऐकण्यासाठी येथे बसत असे.

“समोर किती कमानी आहेत?” बुवाने विचारले.

“पुष्कळ आहेत.”

“पुष्कळ म्हणजे किती? सोने तोलताना ‘पुष्कळ’ म्हणतोस काय? मोज.”

दिल्लीकर थोडा ओशाळला आणि मोजू लागला. पुढच्या बाजूस नऊ कमानी भरल्या. कुतूहल वाढले म्हणून तो बाजूने फिरून आला. आत अशा तीन ओळी होत्या. “नऊ तिरी सत्तावीस खण,” तो म्हणाला. प्रत्येक कमानीची कड फुलाच्या पाकळ्यांसारखी कातरलेली होती, तेही त्याने सांगितले. सांगता सांगता एक नवलाची गोष्ट घडली होती. आपली मजुरी बुडते आहे, हे तो विसरला होता.

दिवाण-इ-खास ही संगमरवरी वास्तू पाहताना बुवाने छत कसले आहे, असे विचारले. “लाकडाचे. त्यावर रंगीत नक्षी आहे,” दिल्लीकर म्हणाला.

गुरुजी मघापासून काहीतरी सांगण्यास उत्सुक होते. “१७६० साली सदाशिवरावभाऊंनी दिल्ली जिंकली. या किल्ल्यात मराठ्यांचे सैन्य आले होते!” असे ते अभिमानाने म्हणाले. मग त्यांचा आवाज किंचित खाली आला. “या छताला पूर्वी चांदी होती. मयूरासन तर नादिरशहाने १७३९ सालीच नेले होते. सैन्याच्या खर्चाला भाऊंजवळ पैसा उरला नव्हता. तेव्हा त्यांनी ही चांदी उतरवून वितळवली. पुढे काही महिन्यांतच, १४ जानेवारी १७६१ रोजी, पानिपतचा संग्राम झाला.”

कोणी काही बोलले नाही. दिल्लीकर मात्र त्या लाकडी छताकडे टक लावून पाहत राहिला. चांदी वितळवणे हे त्याचे रोजचेच काम होते. त्या दिवशी भट्टी कोणी पेटवली असेल? मुशीत चांदी ओतताना त्याच्या मनात काय आले असेल? सैन्याची भूक, की एका सुंदर वस्तूचा नाश? का दोन्ही?

“येथे जे नाही तेसुद्धा पाहण्यासारखे आहे,” बुवा म्हणाला. “आणि जे नाही ते पाहताना माझे डोळे आणि तुमचे डोळे सारखेच.”

किल्ल्याच्या बाहेर पडून चौघे मेट्रो स्थानकात उतरले. दिल्लीत २४ डिसेंबर २००२ रोजी पहिली मेट्रो सुरू झाली आणि आता तिचे जाळे सर्व शहरभर पसरले आहे. दिल्लीकर या गाडीने कैक वेळा गेला होता. जमिनीवरून जाणारी पिवळ्या, उंचवटे असलेल्या फरशांची पट्टी त्याने रोज तुडवली होती; ती शोभेसाठी असावी, अशी त्याची समजूत होती. बुवाने काठीचे टोक त्या पट्टीवर टेकवले, पायाने ती चाचपली आणि त्याचा चेहरा उजळला. “ही तर माझी वाट आहे!” त्या पट्टीवरचे लांबट उंचवटे ‘पुढे चला’ असे सांगतात आणि गोल ठिपके ‘सावध व्हा, थांबा’ असे बजावतात. दिल्लीकराचा कोपर सोडून बुवा एकटाच पट्टीवरून चालू लागला आणि फलाटाच्या कडेपूर्वी ठिपके लागताच बरोबर थांबला. गर्दीत मागे पडलेला दिल्लीकर धापा टाकीत त्याच्या मागून आला. त्या दिवशी त्या दहा-पंधरा पावलांपुरता वाटाड्या बुवा होता.

मंडी हाउस स्थानकावर उतरून रिक्षाने ते इंडिया गेटपाशी आले. ही कमान ४२ मीटर उंच आहे. पहिले महायुद्ध आणि त्यानंतरचे अफगाण युद्ध यांत कामी आलेल्या भारतीय सेनेतील तेरा हजारांहून अधिक सैनिकांची नावे तिच्यावर कोरलेली आहेत. परंतु आबाचे लक्ष कमानीकडे नव्हते. दिल्लीत त्याला एकच गोष्ट पाहायची होती आणि ती त्याने आतापर्यंत मनातच ठेवली होती. त्याचे थोरले चुलते १९७१ सालच्या युद्धात धारातीर्थी पडले होते. आबाचा जन्म त्यानंतरचा. घरात त्यांचे एक जुने छायाचित्र आणि आजीने जपून ठेवलेला एक कोट, एवढीच काय ती त्यांची ओळख होती.

इंडिया गेटजवळच राष्ट्रीय युद्धस्मारक आहे. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी ते राष्ट्राला अर्पण करण्यात आले. एकाच केंद्राभोवती चार वर्तुळे, मध्यभागी उंच स्तंभ आणि त्यापाशी अखंड तेवणारी ज्योत, अशी त्याची रचना आहे. स्वातंत्र्यानंतर देशासाठी प्राण दिलेल्या पंचवीस हजारांहून अधिक जवानांची नावे तेथील भिंतींवर दगडांत कोरलेली आहेत. प्रत्येक वीराच्या वाट्याला एक दगडी वीट.

तेथील एका जवानाने आस्थेने चौकशी केली आणि नाव कोणत्या भिंतीवर आहे ते शोधून दिले. आबा त्या भिंतीपुढे उभा राहिला. पण नावापर्यंत पोहोचण्याआधीच त्याचे डोळे पाण्याने भरले आणि त्याला एकही अक्षर दिसेना. नांगरटीने कणखर झालेला तो मनुष्य लहान मुलासारखा उभा होता. गुरुजींनी मान खाली घातली. तेव्हा दिल्लीकराने न बोलता बुवाचा हात उचलला आणि त्याची बोटे त्या विटेवर नेऊन ठेवली.

बुवाची बोटे पेटीच्या पट्ट्यांवर फिरावीत तशी त्या अक्षरांवरून फिरली. सातवीपर्यंत शिकलेली अक्षरे त्याची बोटे विसरली नव्हती. एकेक अक्षर चाचपीत त्याने ते नाव वाचले. आधी हळू, मग एकदा स्पष्ट आवाजात. आबाने हात जोडले. आजी तर आता हयात नव्हती. पण तिच्या मुलाचे नाव राजधानीत, दगडावर, कोणीतरी मोठ्याने वाचले होते.

दुपार कलू लागली तेव्हा चौघे जंतरमंतरला पोहोचले. शेजारच्या रस्त्यावर कोणाच्या तरी मागण्यांच्या घोषणा चालू होत्या. राजधानीच्या शहरात हा आवाज नित्याचाच. आत मात्र हिरवळ होती आणि तिच्यामध्ये लाल रंगाच्या चमत्कारिक आकारांच्या इमारती उभ्या होत्या. त्यांना ना दारे, ना खोल्या. “हे घर नव्हे, देऊळ नव्हे, मग आहे तरी काय?” आबाने विचारले.

ही वेधशाळा आहे. जयपूरचा राजा सवाई जयसिंग याला ग्रहताऱ्यांचा मोठा नाद होता. पंचांगातील गणित आणि आकाशातील प्रत्यक्ष स्थिती यांचा मेळ बसत नाही, असे त्याच्या ध्यानात आले. पितळेची लहान यंत्रे झिजतात, हलतात आणि त्यांवरील खुणा अगदी जवळजवळ असल्याने मोजमाप चुकते. म्हणून त्याने दगडचुन्याची प्रचंड यंत्रे बांधण्याचे ठरवले. १७२४ सालची ही दिल्लीची वेधशाळा त्याच विचारातून उभी राहिली. पुढे जयपूर, उज्जैन, काशी आणि मथुरा येथेही त्याने वेधशाळा बांधल्या. त्यांपैकी मथुरेची आता उरलेली नाही.

या साऱ्यांत सर्वांत मोठे ते सम्राट यंत्र. ते म्हणजे सावलीवर चालणारे एक अवाढव्य घड्याळच होय. सुमारे २१ मीटर उंचीची त्रिकोणी भिंत उत्तर-दक्षिण उभी आहे. तिची तिरपी कड दिल्लीच्या अक्षांशाइतक्याच कोनात उचललेली असून ती आकाशाच्या उत्तर ध्रुवाकडे रोखलेली आहे. सूर्य पुढे सरकतो तशी या भिंतीची सावली सरकते आणि वेळ कळते.

हे सारे दिल्लीकराने पाटीवर वाचले आणि बुवाला सांगू लागला. पण शब्द अपुरे पडू लागले. कमानी मोजून सांगता येतात, रंगाला उपमा देता येते. पण सरकणारी सावली कशी सांगायची? तो विचार करीत राहिला. मग त्याला एकाएकी काहीतरी सुचले. भिंतीच्या पूर्वेकडे सावलीची कड जमिनीवर पडली होती. तिच्यापासून हातभर अंतरावर, उन्हात, त्याने बुवाला भिंतीकडे तोंड करून बसवले.

“आता काही बोलू नकोस. नुसता बसून राहा,” तो म्हणाला.

बुवा पाय पसरून बसला. माघातले कोवळे ऊन त्याच्या अंगावर पडले होते. पहिली दोन मिनिटे काहीच झाले नाही. मग त्याच्या पावलांना गारवा जाणवला. तो हळूहळू नडग्यांवर आला, गुडघ्यांवर आला. छातीवर अजून ऊन होते आणि पाय मात्र थंड झाले होते. आणखी काही वेळाने हनुवटी निवली आणि सर्वांत शेवटी कपाळावरची ऊब निघून गेली. बुवाचे तोंड आश्चर्याने उघडले.

“अरे, पाहिलेस का!” दिल्लीकर आनंदाने ओरडला.

आणि तो एकदम गप्प झाला. वर्षानुवर्षे ज्या शब्दाला तो भीत होता तोच शब्द त्याच्या तोंडून निसटला होता. गुरुजींनी आणि आबाने एकमेकांकडे पाहिले.

बुवा हसत होता. “पाहिले,” तो म्हणाला. “सूर्य चालताना पाहिला. तुम्ही तिघांनी कधी पाहिला आहे काय? राजाने हे यंत्र बहुधा माझ्यासाठीच बांधले असावे.” मग जरा थांबून तो मित्राच्या दिशेने वळला. “हा शब्द तू टाकलास तेव्हापासून आपले बोलणेच थांबले होते, गड्या. मला दिसत नाही, याचे दुःख मी केव्हाच गिळले. पण तू काय पाहतोस ते सांगेनासा झालास, त्याचे मात्र वाईट वाटत असे.”

दिल्लीकराने उत्तर दिले नाही. त्याने आपला कोपर पुढे केला. बुवाने तो धरला आणि चौघेही बाहेर पडले.

रात्री गाडी सुटताना खिडकीतून बुवा म्हणाला, “दिल्ली पुष्कळ राहिली आहे. उरलेली तू पाहा आणि मला सांग. मात्र ‘मोठे आहे’, ‘चांगले आहे’ असे सांगशील तर ऐकणार नाही.”

दिल्लीकराने हे बोलणे मनावर घेतले. दुकानाला सुटी असेल त्या दिवशी तो बाहेर पडू लागला. परत आल्यावर भट्टीशेजारी बसून तो पाहिलेले सारे आपल्या आवाजात भरून मोबाइलवरून बुवाला धाडी. पहिल्या खेपेस त्याने हुमायूनची कबर पाहिली. बादशहाच्या मृत्यूनंतर त्याच्या बेगमेने ती बांधवली. तांबडा दगड आणि पांढरा संगमरवर एकमेकांत कसे बसवले आहेत आणि बागेतून पाण्याचे पाट कसे सरळ रेषेत नेले आहेत, हे त्याने इतके बारकाईने सांगितले की, बुवाने ते आपल्या विद्यार्थ्यांना दोनदा ऐकवले.

दुसऱ्या खेपेस तो कुतुबमिनारच्या आवारातील लोहस्तंभ पाहून आला. धातूचे काम करणाऱ्या माणसाला याहून अधिक नवलाची वस्तू कोणती असणार? सात मीटरांहून उंच, सहा टनांहून जड, गुप्त राजांच्या काळातला. सुमारे सोळाशे वर्षे ऊनपाऊस सोसूनही गंजाने खाल्लेला नाही. त्या लोखंडात फॉस्फरसचा अंश अधिक आहे. त्यामुळे पृष्ठभागावर एक पातळ थर तयार होतो आणि तोच आतील धातूचे रक्षण करतो. दिल्लीकराने स्तंभाचा रंग सांगितला, घडण सांगितली, भोवतालचे कुंपण सांगितले. आता काही राहिले नाही, अशा समाधानाने त्याने निरोप धाडून दिला.

दुसऱ्या दिवशी बुवाचे उत्तर आले. “स्तंभ डोळ्यांपुढे उभा राहिला. पण त्याच्या भोवती पाखरे कोणती बोलत होती, ते तू सांगितलेच नाहीस.”

दिल्लीकर मनाशीच हसला. पुढच्या सुटीच्या दिवशी सकाळी लवकर उठून तो पुन्हा कुतुबमिनारकडे निघाला, या वेळी ऐकण्यासाठी.